डेलमरच्या पायाखालची पेडलं

पाइन क्रीक, आर्कान्सा
२ एप्रिल १९७४

ती. हॉइटदादास,
धाकट्या ओलिटाचा सा. न. वि. वि.

नाताळनंतर तुझं पत्र नाही. डेलमरला पुरलं त्या दिवशी बर्फामुळे तुला येता आलं नाही, त्याचा मला राग नाही. तेव्हा तोंड लपवू नकोस. घर फार शांत झालंय. सवयीने दोन कप कॉफी करते आणि नवऱ्याचा कप मोरीत ओतते.

आता कामाचं. मेच्या तिसऱ्या रविवारी सगळे दरवर्षीसारखे दफनभूमीत जमतील. थडगी झाडायची, फुलं ठेवायची, मग देवदाराखाली जेवायचं. डेलमरची ही पहिलीच खेप. त्या दिवशी त्याच्याच त्या आडव्या, पेडलांच्या स्टील गिटारवर तू एक भजन वाजवावंस, एवढीच माझी मागणी आहे. चर्चमधून विजेची तार ओढून देतो, असं पास्टर म्हणाले. गिटारची पेटी बसने पाठवली आहे, हात बसवून घे.

आणि दादा, रेडिओवरच्या निम्म्या गाण्यांत मागे जे वाद्य रडतं ते माझा भाऊ वाजवतो, हे इथे कुणाला खरं वाटत नाही. बियाण्याच्या दुकानातला लेस्टर म्हणतो, मग रेकॉर्डच्या पाकिटावर नाव कसं नाही? एकदा ऐकव त्याला.

तब्येत सांभाळ. उत्तर टाळू नकोस.
तुझी,
ओलिटा

मॅडिसन, टेनेसी
१५ एप्रिल १९७४

चि. ओलिटास,
हॉइटचे अनेक आशीर्वाद.

पेटी पोचली. बस स्टँडवरच्या माणसाने ती बटाट्याच्या पोत्यासारखी आपटली. मी ओरडलो, तर म्हणाला, आजोबा, आत कोंबडी आहे का? त्या धसक्याने माझी छाती अजून धडधडते. छपरही गळतंय. फोन चालू आहे ना, हे पाहायला मी अधूनमधून रिसीव्हर कानाला लावतो. आता नॅशव्हिलच्या स्टुडिओवाल्यांना सगळीकडे व्हायोलिनं हवीत, माझं वाद्य खेडवळ वाटतं. तरी कुणी बोलावलंच तर, म्हणून बाजारातसुद्धा घाईने जाऊन येतो.

पण खरी काळजी वेगळीच आहे. गिटारचे चार पाय लावले, तारा जुळवल्या, तारांवर सरकवायची लोखंडी कांडी डाव्या हातात घेतली, सूर चढवायला सवयीप्रमाणे पायाने पेडल दाबलं आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा सूर निघाला. पोरी, डेलमरची पेडलं उलटी आहेत! माझं पहिलं ते त्याचं दुसरं. आठवतं ना, लाकडाच्या गिरणीत त्याचा घोटा मोडला होता? पाय आतल्या बाजूला वळेना, म्हणून त्याने ती तशी जोडून घेतली. आमच्या धंद्यात दोन्ही तऱ्हा चालतात, पण एकीवर वाढलेला माणूस दुसरीवर बसत नाही. वाजवताना डोकं विचार करत नाही, पाय करतो. माझा पाय वीस वर्षं एकच वाट चाललाय.

साऱ्या गावासमोर, डेलमरच्या उशाशी, मी बेसूर वाजवू? मला नाही जमायचं. रागावू नकोस.
तुझा,
हॉइट

पाइन क्रीक
२२ एप्रिल १९७४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लहानपणी कोंबड्या कोंडायला सांगितलं की तुझं पोट दुखायचं. आता पाय दुखतोय, इतकाच फरक. पाना घे आणि पेडलं फिरव. शेवटी लोखंडच ना ते?

तू आला नाहीस तर पास्टरची बायको ऑर्गन वाजवेल. त्या ऑर्गनच्या धाकाने डेलमर तीस वर्षं शेवटच्या बाकावर बसला. आता त्याला उठून पळताही येणार नाही.

तुझ्यासाठी मागची खोली झाडून ठेवली आहे. रविवारपुरती म्हण, नाहीतर कायमची म्हण. मॅडिसनमध्ये तुझं कोण आहे?
ओलिटा

मॅडिसन
६ मे १९७४

चि. ओलिटास,
अनेक आशीर्वाद.

पाना घेतला. गिटारखाली जमिनीवर आडवा झालो. उठता येईल की नाही ही धास्ती होतीच. एक नट सैल केला आणि समोर पेडलं दिसली. दोन्ही एकाच कडेला झिजली आहेत, मोडक्या घोट्याचा बूट पडायचा तिथे. बाकी रंग नव्यासारखा. ती खूण हलवून माझ्या पायाला सोयीचं जोडलं, तर वाद्यात डेलमरचं काय उरलं? नट परत आवळला.

मी येईन. काय वाजवीन ते माहीत नाही. मला पुढ्यात बसवू नकोस, देवदाराच्या आडोशाला बसव. पोटाला सोसेल असं काहीतरी कर, मिरची नको. कायमचं राहण्याचं आत्ताच विचारू नकोस. मी नसताना फोन वाजला तर?
तुझा,
हॉइट

पाइन क्रीक
२४ मे १९७४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू जेवण अर्धं टाकून दुपारची बस गाठलीस. तुझ्या ताटातलं चिकन लेस्टरने संपवलं आणि वर तोंडही सोडलं. नॅशव्हिलचा म्हणे मोठा वाजवणारा, पण पाय खुर्चीखाली घेऊन बसला आणि मधेमधे भजन विसरून थांबत होता, असं तो सगळ्यांना सांगत होता. पास्टरची बायको म्हणाली, वयाने असं होतंच हो. मी बटाट्याचं सॅलड वाढत राहिले.

मला ठाऊक आहे दादा. पेडलं निघण्याआधी, मांडीवर साधी गिटार आडवी घेऊन तू आणि डेलमर आपल्या स्वयंपाकघराच्या पायरीवर वाजवायचात, तसं वाजवलंस. नुसती कांडी. तेव्हा त्याचा घोटा धड होता.

एक मात्र कळलं नाही. मी ओठांतल्या ओठांत गात होते. शेजारणीलाही ऐकू गेलं नाही. मी श्वास घ्यायला थांबले की तू वाजवायचास, मी गायला लागले की तू थांबायचास. एवढ्या लांबून तुला कसं ऐकू आलं?

गिटार तुझ्याकडेच राहू दे. मागची खोली अजून झाडते.
तुझी,
ओलिटा

मॅडिसन
३ जून १९७४

चि. ओलिटास,
हॉइटचे अनेक आशीर्वाद.

ऐकू काहीच आलं नाही. मी तुझे खांदे पाहत होतो. स्टुडिओत गाणारा काचेपलीकडे असतो. त्याचे खांदे वर गेले की तो श्वास घेणार, आणि तेवढ्या फटीत आपण वाजवून बाजूला व्हायचं, हाच माझा धंदा. गाणाऱ्याच्या शब्दावर पाय द्यायचा नाही. लेस्टरला सांगू नकोस, त्याला नाही कळायचं. म्हणू दे म्हातारा विसरला.

बसमध्ये उकडलं, पाय सुजले. छपराचा माणूस आज येतो, उद्या येतो करतोय. या घरात कुणाचे खांदे बघायला नाहीत, त्यामुळे कुठे थांबावं ते कळत नाही. भजन एका दमात संपून जातं.

तरी दुपारी डेलमरच्या गिटारवर बसतो. आता पेडलंही दाबतो. तो झिजलेल्या कडेवर ठेवायचा तसा पाय ठेवतो. घोटा ठणकतो. त्याचा मोडका होता, माझा म्हातारा. मांजर अजून ओरडतं, पण काल एक ओळ सरळ आली.

परवा फोन वाजला. मी भजनाच्या मधोमध होतो. पाय उचलला असता तर ती ओळ पुन्हा हाती लागली नसती. वाजू दिला.

मागच्या खोलीत गिटारचे चार पाय मावतील का, ते मोजून कळव. नुसतं विचारतोय.

लोभ तुझा आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझा,
हॉइट

ता. क. तो फोन तुझा तर नव्हता ना? शेजारणीकडून केला असलास तर पुन्हा कर. उचलीन.