लॉरेलला द्यायचा शब्द

मी, मर्व्हिन आर्थर टोलहर्स्ट, वय ७८, राहणार बरिंगल, न्यू साउथ वेल्स, धंदा मेंढ्या भादरण्याचा आणि पुढे भादरणाऱ्यांच्या टोळ्या पुरवण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कंबर ठिकाणावर नाही, पण त्याला दाखला लागत नाही. याआधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी स्वतःची फारच तारीफ केली होती.

१. घर आणि मागची पाण्याची टाकी मुलगा क्लाइव्ह याला. टाकी गळते. तोंडी तीनदा सांगून झालं, आता लेखी सांगतो.

२. शेडमध्ये माझ्याशी कायम चढाओढ करणारा डेस पॅगेट याला काहीही देऊ नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही हे कळल्यावर मी मुद्दाम त्यालाच साक्षीदार केला आहे.

३. माझी कातर आणि माझी कैलासवासी बायको आयव्ही हिची इंग्रजी डिक्शनरी मुलगी लॉरेल हिला. या कलमाला कारण आहे आणि ते माझ्या अब्रूला धरून नाही.

आमच्याकडे शेडमध्ये सगळ्यात तरबेज हाताला ‘गन’ म्हणतात. एका शेडमध्ये गन एकच. नोव्हेंबर १९७९ मध्ये एका दिवसात २०३ मेंढ्या भादरून तो मान मी मिळवला, असं शेडच्या फळीवर रंगवलेलं आहे. डेसच्या १९७ झाल्या. त्यानंतर मी शेडमध्ये दिसलो की पोरं ‘गन आली’ असं कुजबुजायची आणि मी उगीच विनयाने मान हलवायचो.

त्या दिवशी शेवटच्या पाळीत माझी कंबर धरली. मी लोकरीच्या ढिगावर आडवा झालो. लॉरेल तेव्हा सतरा वर्षांची, शेडमध्ये लोकर झाडायची. त्या काळी शेडकडे बाईमाणूस येताना दिसलं की ‘तळ्यावर बदकं!’ अशी आरोळी ठोकायची रीत होती, म्हणजे बाकीच्यांनी शिव्या आवरायच्या. लॉरेलपायी आमच्याकडे ती आरोळी रोज सकाळी उठायची.

पोरीने झाडू टाकला आणि माझी कातर उचलली. म्हणाली, “बाबा, गप पडून राहा.” वीस मिनिटांत अकरा मेंढ्या! माझ्या त्याच वेळात आठ व्हायच्या, आणि मेंढी उठायची ती खाटकाकडून सुटल्यासारखी. तिच्या हातची उठली की अंगावर एक ओरखडा नसायचा. अकराच्या अकरा, भादरलेल्या मेंढ्या बाहेर सोडायच्या माझ्या घसरगुंडीवरून माझ्याच वाडग्यात गेल्या आणि माझ्या नावावर मोजल्या गेल्या. मी चूप बसलो. कातरताना माणसाला स्वतःच्या पायांपलीकडे दिसत नाही, तेव्हा कुणी पाहिलं नसणार असं धरून चाललो.

१९८६ साली एका प्रशिक्षण शाळेला भादरणं शिकवणारं माणूस हवं होतं. लॉरेलने अर्ज केला. ‘उमेदवाराचं कौशल्य शब्दांत वर्णन करा,’ असं शाळेने मला, तिच्या मुकादमाला, कळवलं. आयव्हीची डिक्शनरी घेऊन मी तीन दिवस स्वयंपाकघरात बसलो. ‘गिफ्टेड’ म्हणजे नाताळात फुकट मिळाल्यासारखं. ‘टॅलेंटेड’ पियानो बडवणाऱ्या मुलींना म्हणतात. ‘ब्रिलियंट’ मी फक्त गाडीच्या दिव्यांना ऐकलेला. ‘एक्स्पर्ट’ लिहावं तर शेडमध्ये एक्स्पर्ट म्हणजे कातरींना धार लावणारा. उरला एकच शब्द, आणि तो माझ्या नावापुढे रंगवलेला होता.

मी ‘यूजफुल’ लिहिलं. उपयोगी.

आयव्ही म्हणाली, “अहो, पोरीसाठी लिहिताय की फावड्यासाठी?” मी म्हणालो, “आमच्यात ही मोठी तारीफ आहे.” हे खरं आहे आणि खोटंही आहे.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्याच्या पत्रात ‘ब्रिलियंट’ दोनदा होतं. शाळेने लॉरेलचे कागद परत पाठवले, त्यात तिने माझं पत्र वाचलं. “बाबा, उपयोगी तर बादलीपण असते,” एवढंच म्हणाली आणि न्यूझीलंडला गेली. तिथे पोरापोरींना भादरायला शिकवते. दर नाताळात कार्ड येतं. खाली सही असते, ‘तुमची उपयोगी मुलगी’. सव्वीस कार्डं आहेत. तीही तिलाच द्यावीत.

४. शेडच्या फळीवरचं माझं नाव खरवडून तिथे ‘लॉरेल टोलहर्स्ट, गन’ असं रंगवावं. वकीलबाई मिस हॅनाफोर्ड म्हणाल्या, “मर्व्ह, शब्द ही काही मालमत्ता नव्हे.” मी म्हणालो, “बाई, तेहतीस वर्षं दुसऱ्याचा वापरतोय. परत करायचा तर कागद नको?” त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “बरं, लिहा.” हे पोरीला तोंडावर सांगायला हवं होतं. फोन तीनदा उचलला, तीनदा हवापाण्याचं बोलून ठेवला. मला लाज वाटते.

५. माझ्या थडग्याच्या दगडावर नावाखाली ‘यूजफुल’ एवढंच कोरावं. तेही कुणाला जास्त वाटलं तर नुसतं नाव ठेवावं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. नाइलाजाने बरोबर आहे.

ठिकाण: बरिंगल. दिनांक: १४ ऑगस्ट २०१२.
सही: एम. ए. टोलहर्स्ट

साक्षीदार १: एडिथ हॅनाफोर्ड, वकील.

साक्षीदार २: डेस्मंड पॅगेट, निवृत्त. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो म्हणे. मी वाचला. मर्व्ह मरायची वाट कोण बघतो, लॉरेलला मी आज संध्याकाळीच फोन करतो. अकराही मेंढ्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून बदकांची आरोळी बंद झाली, हे या गाढवाच्या अजून ध्यानात आलेलं नाही. लॉरेल शेडमध्ये शिरली की आम्ही ‘गन आली’ म्हणायचो. हा तिच्या पुढे चालत असायचा.