ऋचाच्या व्हायवात माझा एकच प्रश्न

६ जानेवारी, सकाळ
निश्चय झाला. ऋचाच्या पीएचडीच्या व्हायवाला मागच्या रांगेत बसून नुसत्या टाळ्या वाजवायच्या नाहीत. प्रश्न विचारायचा. एकच, पण असा की हॉल गप्प झाला पाहिजे.
व्हायवा १२ फेब्रुवारीला. विषय तारकागुच्छ. म्हणजे आकाशगंगेत ताऱ्यांचे घोळके कसे जन्मतात आणि पुढे त्यांचं काय होतं. पोरगी इतकी वर्षं यावर राबतेय आणि बापाला धड माहिती नाही, हे बरं दिसत नाही. शिवाय मी रिटायर होईपर्यंत डिफेन्सच्या कारखान्यात रडारवर काम केलंय. थीसिसच्या डिफेन्सला काय भ्यायचं?
व्हायवा झाला की एप्रिलमध्ये ती जर्मनीला जाणार. दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. मला त्याचं काहीही वाटत नाही. बायको, कल्पना, सारखी विचारते, म्हणून लिहून ठेवलं.

९ जानेवारी
पहाटे पाचला उठून अभ्यास सुरू केला. प्रत्यक्षात साडेसात झाले. बंगळूरला, आमच्या बनशंकरीत, यंदा थंडी जास्त आहे.
व्हिडिओ पाहिला. थंड वायूचा अवाढव्य ढग स्वतःच्याच वजनाने आत खचतो. त्यात शेकड्यांनी तारे जन्मतात, एकाच बाळंतपणात म्हणावं तसे. त्यातले सगळ्यात मोठे तारे इतके तापट की उरलेला वायू फुंकून उडवून देतात. वायू गेला की सगळ्यांना धरून ठेवणारं वजनच गेलं. बहुतेक गुच्छ तिथेच विस्कटतात. थोडे टिकतात.
कल्पनाला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे थोरला तापट निघाला की घर फुटतं." विज्ञानात असं बोलत नाहीत.

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारचे गुरुप्रसाद एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इकडचा तीळगूळ, घेऊन आले. मूळचे निपाणीचे, पण मराठीत निम्मं कन्नड. संध्याकाळी त्यांना गच्चीवर नेऊन कृत्तिका दाखवल्या. हा तारकागुच्छच. ते म्हणाले, "उपेंद्र अण्णा, तुमची कृत्तिका स्वल्प हलतेय की." विमान होतं. खऱ्या कृत्तिका टाकीच्या मागे होत्या.
गुरुप्रसादांची मुलगी इथेच, शहराच्या दुसऱ्या टोकाला सर्जापूर रोडला असते. ट्रॅफिकमुळे दिवाळीनंतर आलेली नाही. ते म्हणाले, "मग सर्जापूर काय आणि जर्मनी काय, सरी?" त्यांना अंतराचा अंदाज नाही.

१८ जानेवारी
ऋचा हॉस्टेलवरून आली. जेवताना सहज म्हणून विचारलं, टिकलेल्या गुच्छांचं पुढे काय? पोरीचा चेहरा उजळला. ताटात शेंगदाणे मांडून दाखवू लागली. तारे एकमेकांजवळून जातात तेव्हा हलक्यांना धक्का बसतो, ते कडेला जातात, एकेक करून सुटतात. जड असतात ते मधोमध बसून राहतात. वरून आकाशगंगेची ओढ आहेच. एखादा मोठा ढग शेजारून गेला तरी गुच्छ सैल होतो. काही कोटी वर्षांनी कृत्तिकाही राहणार नाहीत.
मी विचारलं, सुटलेला तारा परत येतो का? म्हणाली, "क्वचित. एकदा सुटला की तो आकाशगंगेचा झाला, बाबा."
भात उगाच जास्त घेतला. जड झालं.
जाताना म्हणाली, "तुम्ही व्हायवात प्रश्न नाही ना विचारणार? प्रॉमिस करा." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. त्यामुळे उत्तर राहून गेलं. माझा दोष नाही.

२४ जानेवारी
तिची थीसिस वाचतोय. समीकरणं सोडली तर सोपी आहे. समीकरणं सोडली.

२७ जानेवारी
सापडलं!! तिने फक्त आपल्या आकाशगंगेतले गुच्छ तपासलेत. बाकीच्या आकाशगंगांचं काय? तिथे हाच नियम चालतो का? थीसिसमध्ये अवाक्षर नाही.
याचा अर्थ काम अपुरं. अपुरं काम पूर्ण करायला आणखी दोन-तीन वर्षं सहज लागतील. इथेच. तिच्या गाईड बाईंकडे. म्हणजे दर शनिवारी घरी.
हा शेवटचा मुद्दा केवळ ओघात आला. प्रश्न शुद्ध वैज्ञानिक आहे.

१ फेब्रुवारी
आरशासमोर प्रश्नाची तालीम. कल्पना दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. म्हणाली, "अहो, तुम्हाला तिला अडवायचंय." मी विज्ञानात शंका किती मोलाची असते ते सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी तिथे एकटी उभी असणार. तिच्या पायात पाय घालू नका." आणि पोळ्या लाटायला गेली. बायकांना रिसर्च मेथडॉलॉजी कळत नाही.
बीपी वाढलंय. मशीन जुनं आहे.

५ फेब्रुवारी
प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं. मन एकदम हलकं.

६ फेब्रुवारी
विचारायचा. ऋचाने फोनवर सांगितलं की व्हिसा आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

१० फेब्रुवारी
घरात फेऱ्या. गच्चीत फेऱ्या. पार्कात गेलो तर गुरुप्रसाद म्हणाले, बसा की अण्णा. बसवेना. प्रश्नाचं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, मुलगी नापास झाली तर? मी हसलो. घरी येईपर्यंत मात्र हसू टिकलं नाही. पण एका प्रश्नाने कोणी नापास होत नाही. झालीच तर इथेच राहील. हे काय लिहिलं मी. खोडायला हवं.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
सविस्तर लिहितो.
ऋचा कल्पनाची जांभळी इरकल नेसून आली होती. पडद्यावर तिने एक फिल्म दाखवली. गुच्छ आकाशगंगेभोवती फिरतोय आणि त्याच्या पुढे-मागे सुटलेल्या ताऱ्यांच्या लांब शेपट्या निघतायत. हॉलभर इतके विद्वान, पण सगळे माझ्या पोरीकडे बघत होते. मी प्रश्न विसरलो, खरंच विसरलो. डोळ्यांत एसीची हवा जात होती.
मग अध्यक्ष म्हणाले, श्रोत्यांपैकी कोणी? माझा हात वर होता. कधी गेला ठाऊक नाही. कल्पनाने कोपर मारलं, तोवर माईक आला होता.
विचारला. म्हटलं, तुम्ही एकाच आकाशगंगेचं पाहिलंत, मग हे काम पूर्ण कसं म्हणायचं?
हॉल गप्प झाला. हेच हवं होतं. पण गप्प झालेल्या हॉलमध्ये तिचा चेहरा दिसतो, हे लक्षात घेतलं नव्हतं.
तिने पाण्याचा घोट घेतला. मग मला "सर" म्हणाली. म्हणाली, "प्रश्न बरोबर आहे, सर. दूरच्या आकाशगंगांमधले गुच्छ आपल्याला नुसते ठिपक्यासारखे दिसतात, एकेक तारा मोजता येत नाही. दोन आकाशगंगा आदळतात तिथे तर लाखो ताऱ्यांचे गुच्छ एका झटक्यात तयार होतात. ते आपल्याकडच्यांसारखेच विस्कटतात की टिकतात, मला माहीत नाही. पण शोधायला फार आवडेल."
तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातून तिचे जर्मनीचे प्रोफेसर बोलू लागले. ऑनलाइन ऐकत होते. म्हणाले, हे गृहस्थ कोण? मला नेमकं याच कामाला माणूस हवाय. दुर्बिणीवर वेळसुद्धा मिळालाय. फक्त दोन वर्षांत होणार नाही. ऋचा तयार असेल तर चार करू.
ऋचा तयार होती. एक सेकंदही लागला नाही.
टाळ्या. गाईड बाईंनी माझा हात हातात घेऊन हलवला. कोणीतरी समोसा दिला. ऋचाने मिठी मारली आणि कानात म्हणाली, "थँक्यू बाबा. मला स्वतःहून मागायचं धाडस होत नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"
म्हटलं, बापाला कळतं.

१३ फेब्रुवारी
कल्पना सकाळी फक्त "चार" म्हणाली. नंतर चहा दिला. नंतर शेजारी येऊन बसली. बराच वेळ.
दुपारी ऋचाचा फोन. मोठी सुटकेस घ्यायला सांगितली. मग हसत म्हणाली, प्रोफेसरांनी मेल केलाय, तुझ्या बाबांना आणखी काही प्रश्न आहेत का म्हणून.
नाहीत, म्हणून कळवायला सांगितलं.