बाबा, त्या दिवशी तुम्ही बस थांबवली होती

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. रडायला म्हणून लिहीत नाहीये. काल वामनकाका आले होते, तुमच्या बसचे कंडक्टर. ते जे सांगून गेले, त्यानंतर तुमच्याशी भांडल्याशिवाय राहवेना.

आई गेली तेव्हा मी दहावीत होतो. तिसऱ्याच दिवशी तुम्ही ड्रायव्हरची खाकी चढवून सावनेरच्या बसवर निघालात. आत्या म्हणाली, "दादा, आज तरी राहू दे ना गा." तुम्ही म्हणालात, "माह्या दुःखापायी लोकायनं काहून ताटकळावं?" मी दारात उभा होतो. माणूस असा असावा, असं वाटलं मला!

म्हणूनच तुमच्या तेरवीनंतर दोन दिवसांत मी ड्यूटीवर हजर. आज आपण विमान चालवण्याच्या अवस्थेत आहोत की नाही, हे वैमानिकानं स्वतःच ठरवायचं असतं. मनात डोकावून कोण बघणार? 'मी ठीक आहे' म्हणून मी क्षणात सही केली.

नागपूरला उतरताना को-पायलट श्वेतानं मला दोनदा हाक मारली. ऐकूच आली नाही. तुमच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं, ते आठवत होतो. "सर, चाकं!" ती ओरडली. चाकं खाली घेतलीच नव्हती, बाबा! विमान पुन्हा वर नेलं, फेरी मारून उतरवलं. मागे दीडशे माणसं होती. जाताना एका आजींनी मला हात जोडले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता चौकशी होईपर्यंत घरीच आहे. वामनकाकांना हे सगळं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "तुह्या बाबानं तर तुही माय गेल्यावर तिसऱ्या दिवशी गाडी उभी केली होती गा, पाटणसावंगीच्या अलीकडं. स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. म्हणे, वामन, मले रस्ता दिसून नाही राहिला. पाऊण तास! लोकायले म्या सांगतलं, इंजन गरम झालं. अन् मले शपथ घातली, पोराले सांगू नको."

पोराला काहून नाही, बाबा? गाडी थांबवलीत, हे तुमचं सगळ्यात मोठं काम! नेमकं तेच लपवलंत, आणि घरी येऊन माझ्यासमोर ताठ बसून जेवलात. मी तो ताठपणा उचलला. दुसरं काही दिलंत कुठे?

तुमच्यावर राग आहेच. सही करणाऱ्या माझ्या हातावर त्याहून जास्त. तुमच्या पोटी जन्मलो हे खरं, पण परवाना माझा होता.

एका सहकाऱ्यानं सुचवलं, "पोट बिघडलं होतं असं लिही, विषय संपेल." आज सकाळी मी लिहून दिलं: वडील गेले होते, मी उडण्याच्या अवस्थेत नव्हतो, आणि ते मला ठाऊक होतं. नोकरी राहील की नाही, कोण जाणे.

माझी आठ वर्षांची मीरा रोज विचारते, "बाबा, तुम्ही घरी काहून आहात?" आज टाळणार नाही. वचन देतो, तुमची लपवायची रीत मोडून तिला सगळं सांगेन. मी चुकलो ते, आणि तिचे आजोबा भर रस्त्यात गाडी थांबवून रडले, तेही.

तुमच्यावर रागावलेला,
सुधीर