सीटखालचा पाट

मैना,

शांतीच्या सांडलेल्या चहानेच सीट सरकवायचं बटण बिघडलं असं ठरलं, त्यात माझी कमाई काय होती? एवढीच, की तुझ्या हैबतमामांच्या नव्या गाडीला माझ्या हातून काही झालं नाही, आणि गाड्यांचं वायरिंग करणारा जावई शहाणाच राहिला. तेवढ्यासाठी काल सगळ्यांदेखत मी माझ्या सख्ख्या बहिणीला म्हणालो, "अशा गाडीत बसायची सवय नाय, तर चहा कशाला घेऊन चढलीस गो?" ती न जेवताच पेणला आपल्या घरी गेली.

सकाळी सीट खोलली. फ्यूज धड. मोटर थेट बॅटरीला लावली, तर गुमान फिरली. बटणात चहाचा थेंब नाय. मग सीटखाली टॉर्च मारला. वायर तुटून लोंबत होती आणि तिला आपल्या पाटाचा लाल रंग लागला होता. गणपती आणायला जोह्याला जाताना रिकाम्या पाटाला कुणाचा पाय लागू नये म्हणून तो मीच तिथे सारला होता. मूर्तींच्या कारखान्यापुढे हिसडून ओढलाही मीच.

वायर जोडलीय. मामांना चावी दे आणि खरं ते सांग, माझ्याच्याने होणार नाय. मी शांतीला आणायला पेणला चाललोय. आम्ही आल्याशिवाय आरती नको.

पाट माझा, हिसका माझा, तोराही माझाच. सीट मागे सरकेना म्हणून जोह्यापासून रोह्यापर्यंत गणपती मांडीवर धरून आली ती शांती, आणि बोलणीही तिनेच खाल्ली.