शेक म्हणाले, तिथंच चुकलं

पिंगळी, मंगळवार, संध्याकाळ

मघाशी बाबांना गोळी द्यायला गेले, तर ते ओटीपोटावर फडक्यात गुंडाळलेली गरम वीट ठेवून पडलेले. आई चुलीवर दुसरी तापवत होती.

"नांदेडच्या दवाखान्यातल्या मशीनचा शेक लागतच न्हाई, माय," बाबा मला म्हणाले. " घरी बी घेतला की लवकर उरकंल."

शेक. हा शब्द माझाच. प्रोस्टेटचा कॅन्सर म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून रेडिएशनला शेक म्हणाले. घरात पदवीधर मी एकटी. मी सांगते तेच सगळे खरं धरतात. त्या जागेला गरम काही लावू नका, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. घरी वीट तापवतील, हे माझ्या मनातही आलं नाही, म्हणून ते घरात सांगितलंच नाही.

वीट उचलली. खाली कातडी लालभडक. फोड नाही, निदान अजून तरी. उद्या नांदेडला डॉक्टरांनी उपचारच थांबवले तर? आठच दिवस झालेत. तोवर गाठ वाढायची थांबेल का?

मग सांगूनच टाकलं. "बाबा, तुम्हाला कॅन्सर आहे. ते किरण आहेत, शेक नाही."

"ठावं हाय," ते म्हणाले. "तिथं बाकावर समदे त्याचेच बसत्यात. मी एकलाच शेकाचा कसा आसंल? गाठ जळंल म्हणून तर वीट घेतली. हळू बोल, तुझ्या आईला ठावं न्हाई."

म्हणजे आठ दिवस गाडीत माझ्या शेजारी बसून ते एकटेच भीत होते. आणि मी त्यांना सांगत होते, किरकोळ आहे.