काँटेसाचा डिफ कुणी ठरवायचा

७ सप्टें., रवि.
जालना रोडला पुन्हा तेच. सिग्नल सुटला, पाय जरा दाबला, मागचं एकच चाक जागेवर फिरलं आणि काँटेसा तिथंच. इंजिन बदलून ताकद वाढवली, मागच्या दोन चाकांत ती वाटणारा डिफरन्शियल, म्हणजे डिफ, मात्र जुना. ज्या चाकाला पकड नाही त्यालाच सगळी ताकद देतो. दोन्ही चाकांना ताकद देणारा नवा बसवायचाय. प्लेटवाला घ्यावा तर हळू वळताना कुरकुरतो, प्लेटी झिजतात. गिअरवाला शांत, रोजच्या रस्त्याला बरा. पण एक चाक हवेत गेलं की कामातून गेला.
गाडी दोघा भावांची, म्हणून सत्याचंही ऐकून घेतलं. त्याला वेल्ड हवंय. आतले गिअर वेल्डिंगनं जाम करायचे, मागची दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरणार, वळतानाही. वळणावर गाडीची शेपूट मस्त फिरते म्हणे. धाकटा असला तरी अडतिशीचा आहे! साफ नाही म्हटलं.
"दादा, चार महिनं नुसतं वाचतोस. गाडी पीएच.डी.ला घेतली व्हय?"

२४ सप्टें.
गिअरवालाच, जवळपास. टायरचं एकदा बघून मग रफीकभाईंना कळवीन. गाडी त्यांच्याच गॅरेजला, शहागंजात, सर्व्हिसिंगला. दसऱ्याआधी सत्या आणेल.

२ ऑक्टो., दसरा
पूजेसाठी गाडी वळवून दारासमोर घेत होतो. मागची चाकं चिरकली, गाडी उड्या मारत वळली. आई ताट घेऊन उभी.
"काय रं झालं तिला?"
सत्या मोबाइलमध्ये बघत होता. तेव्हाच कळलं.
"वेल्ड?"
"तू ठरवेपर्यंत म्हटलं."
हार घातला, नारळ फोडला. दरवर्षी नंतर आईला पुढं बसवून फेरी मारतो. आज चावी खिशात घातली. सणाच्या दिवशी ओरडलो, सगळ्या गल्लीनं ऐकलं. आई ताट घेऊन आत गेली.

३ ऑक्टो.
शहागंज. रफीकभाई म्हणाले, "छोटे भाई बोले वेल्ड मारो. मैं समझा घर में बात हो गई."
"एक फोन करायचा होता."
"फोन तो आपके रोज आते थे भाई. फैसला एक दिन नहीं आया."
तिडीक मस्तकात गेली. तिथल्या तिथं गिअरवाला मागवायला सांगितला. यायला वेळ लागेल म्हणाले.

४ ऑक्टो.
ऑफिसात लक्ष नाही. एवढा राग कशाचा? धोक्याचा की न विचारल्याचा? दोन्हीचा. आधी कुठला आला? चाकं चिरकली तेव्हा मनात पहिलं आलं ते "मला न विचारता". धोका नंतर आठवला. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या स्वतःला वेगळं सांगता येणार नाही. पण म्हणून धोका कमी होतो का? नाही!

५ ऑक्टो., रवि., संध्याकाळ
उद्या सकाळी सत्या आईला ताईकडं चाळीसगावला नेणार. काँटेसानं. म्हणजे कन्नडचा घाट उतरून. दुपारपासून पाऊस.
"एसटीनं ने."
"तिचे गुडघे बघ अन् मग एसटी म्हण. हळू चालवीन."
"ओल्या वळणावर मागची दोन्ही चाकं एकदम सुटली की..."
"आजवर काय झालं का? नाय ना?"
तीनच दिवस झालेत वेल्डचं कळून. आजवर म्हणे.
भाड्याच्या गाडीचं सुचवलं. आईच म्हणाली, "घरची गाडी दारात असताना?" तिला समजावून सांगायला बसलो, डिफ म्हणजे काय इथपासून. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं आधी बोला एकमेकांशी." तिची पिशवी भरून झालीय.
एक चावी माझ्याकडं, दुसरी सत्याकडं. मागितली. "सकाळी बघू," म्हणाला.
खाली जाऊन बॅटरीची वायर काढून आणली तर प्रश्नच मिटतो. पण म्हणजे मीही न विचारताच.
पाना टेबलावर आहे. वरच्या खोलीत सत्याच्या चपलांचा आवाज येतोय. पाना इथंच ठेवून एकदा वर जाऊन त्याच्याशी बोलतो.