कोरडं बघायचं बाकी

३ फेब्रुवारी

चि. सौ. वन्संबाईंना वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. तर बाई गं, फोनवर बोलायची सोय नाही. तुझ्या वडिलांचा गुडघा गेला, कान शाबूत आहेत.

ऑपरेशन झाल्यापासून नळ-पंप दुरुस्तीचं आपलं दुकान मी बघतेय, पण ते या महिन्यापुरतं. कपाटाच्या किल्ल्या अजून आप्पांच्याच खिशात. दुकान माझ्याकडे द्यायचं की काठी टेकत स्वतः परत यायचं, ते महिनाअखेर ठरवणार म्हणतात. डॉक्टर हात जोडून नको म्हणतात. तुझा दादा शाळेत भूगोल शिकवतो. त्याला जगातल्या सगळ्या नद्या पाठ, पण घरचा ठिबकणारा नळ काही त्याच्याच्याने बंद होत नाही. आणि मला, तुला म्हणून सांगते, हे दुकान हवंय. लग्न होऊन आले तेव्हा पाना कुठून धरतात ठाऊक नव्हतं. आता पंपाचा नुसता आवाज ऐकून त्याचं कुठं दुखतंय ते सांगते.

सगळी कामं आम्ही ॲपमध्ये नोंदतो. लांब्या आणि चष्मिस, आपले दोघे फिटर, त्यात पटाईत झालेत. आप्पांची शिस्तही मोडलेली नाही: दुरुस्तीनंतर आठवड्याने परत जायचं, सांध्याखाली तळहात धरायचा, कोरडा निघाला तरच ‘झालं’ दाबायचं. पण ॲपमधली अक्षरं आप्पांना मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून जेवणानंतर रोज माझी तोंडी परीक्षा! तू साहेबलोकांना रंगीत डॅशबोर्ड करून देतेस ना? आमचं ॲप तसल्या एखाद्याला जोड. समोरच्या टीव्हीवर धंदा दिसला की ते सुखी आणि मी सुटले.

लोभ आहेच, त्यात गळती होऊ देऊ नकोस.

तुझी वहिनी


९ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

लोकांच्या वहिन्या माहेरपण करतात, माझी कामाला लावते. असो. जोडणी झाली. तुमच्या ॲपने एक लांबलचक सांकेतिक किल्ली दिली, ती मी डॅशबोर्डच्या हाती दिली. आता तो शेजारच्या काकूंसारखा घटकेघटकेला ॲपच्या दारात जाऊन विचारेल, काय नवीन?

आप्पांना अक्षरं नकोत म्हणून दोनच रंग ठेवलेत. ‘झालं’ दाबलेलं काम हिरवं. फिटर जाऊन आला आणि तरी ‘झालं’ नाही, म्हणजे रखडलं, ते लाल. आमचे साहेब एवढ्या ज्ञानावर कंपन्या चालवतात, तुमचं तर नळाचं दुकान. दादाला म्हणावं, नकाशातही निळा रंग पाण्याचाच असतो, एकदा घरच्या पाण्याकडे बघ.

लोभ असावा, टोमणे कमी असावेत.

तुझी बारकी


१७ फेब्रुवारी

चि. सौ. वन्संबाईंना आशीर्वाद.

अगं, टीव्ही लावला तर भिंतभर लाल! शेजारचे आजोबा डोकावून, निवडणुकीचे निकाल लागले का, म्हणून विचारून गेले. आप्पांनी तिथूनच लांब्याला फोन करून झापलं. तो बिचारा सगळीकडे जाऊन आलेला, त्याने नाक फुगवलं. आप्पांनी हत्यारांची पिशवी काढायला लावली, बूट मागितले, सोमवारपासून मीच येतो म्हणाले. महिनाअखेरची वाटसुद्धा बघेनात. माझ्या पायाखालची फरशी सरकली.

मग मी एक शहाणपणा केला. दोघांना सांगितलं, परत जायचं नंतर बघू, आज सगळ्यांवर ‘झालं’ दाबून टाका. चष्मिस चष्मा पुसायच्या निमित्ताने खाली बघत राहिला, पण दाबलं. आणि टीव्ही असा हिरवागार, की गाय सोडली तर चरून येईल! आप्पांनी बूट परत ठेवायला लावले. जिंकले गं!

तुझ्या दादाने सगळ्यांना चहा केला. चहा वाईट होता, पण आनंदात खपला.

अशीच माया राहू दे.

तुझी वहिनी


२० फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस सा. न.

जिंकली नाहीस. आप्पांचा फोन आला होता. खोटं टीव्ही बोलतोय की सूनबाई, एवढंच विचारत होते. लालला ते घाबरले होते, हिरव्याने चिडलेत. इतके सांधे एका दुपारी कोरडे कसे झाले, पाण्याने काय सभा घेऊन ठराव केला का, म्हणाले.

घोळ मूळचा माझा. लहानपणी त्यांच्याबरोबर जाऊन सांध्याखाली हात धरायची मीच, माझा हात बारका म्हणून मागपर्यंत पोचायचा. तुझ्या पत्रातही ती शिस्त स्वच्छ लिहिलेली होती. पण जोडणी करताना मी ॲपला शंभर प्रश्न विचारले, तुला एकही नाही, म्हणून आठवडा भरायची वाट बघणारी कामंही लाल झाली. आता तिसरा रंग घातलाय, निळा: ‘कोरडं बघायचं बाकी’. फिटर जाऊन आला की काम निळं, तळहात कोरडा निघाला की हिरवं. आठवडा उलटून गेला तरी कोणी फिरकलं नाही, तरच लाल.

माझं काम झालं. आप्पांना खरं सांगणं तुझ्याकडे.

लोभ वाढावा, आणि हे पत्र वाचून घटू नये.

तुझी बारकी


२६ फेब्रुवारी

चि. सौ. वन्संबाईंना आशीर्वाद.

सांगितलं. जेवायला वाढता वाढता, एका दमात. आप्पांनी शांतपणे आणखी भाजी मागून घेतली. मग म्हणाले, दाबलेलं सगळं उलट फिरव आणि प्रत्येक घरी स्वतः जा.

गेले. एका घरी सिंकखाली हात घातला, तर ओला! लांब्याचं तोंड बघण्यासारखं झालं. वॉशर मीच बदलला. त्या घरच्या बाईंनी, खर्च किती म्हणून विचारलं, मी म्हटलं, हा आमच्या शहाणपणाचा. घरी येऊन आप्पांना ओला तळहात सांगितला तर गडी खुदकन हसला.

किल्ल्यांचं मात्र अवाक्षर नाही. हल्ली चष्मिसला बोलावून ॲपमध्ये काम कसं नोंदवतात ते शिकतायत. मी खोलीत गेले की फोन उपडा!

माया पातळ करू नकोस.

तुझी वहिनी


८ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

मला मोठी पत्रं जमत नाहीत. महिनाअखेरीस मी ॲपमध्ये एक काम नोंदवलं. गिऱ्हाईक: मीच. काम: दुकान सुनेच्या हाती देणे. रंग: निळा. तुझी वहिनी डाव हातात धरून टीव्हीसमोर उभीच राहिली. भाजी लागली. तरी खाल्ली.

नंतर आठवडाभर दुकानाबद्दल तोंड उघडलं नाही. ते गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं. आज काठी टेकत गेलो, तर मालकीणबाई जागेवर नाहीत. चष्मिस म्हणाला, कोरड्या निघालेल्या एका सांध्याबद्दल मनात शंका राहिली म्हणून परत बघायला गेल्यात. मग मला हात कुठे धरायची गरजच उरली नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि हिरवं केलं. तुझ्याकडेही दिसलं असेल.

कोरडं बघायला जायची कामं माझ्याकडे द्यावीत असा सूनबाईंकडे अर्ज केलाय, त्यात उचलायला काही नसतं. डॉक्टरांना विचारून कळवते, म्हणाली. अर्ज निळ्यात आहे.

तुमचा लोभ हिरवा असू द्या.

आप्पा